दुसरा टकोरा

१२ सप्टेंबर

ती. स्व. दादास,
ठकूचा सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुझ्याकडून काम करून घ्यायचं आहे. कारण आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचशील. सोबतच्या जाड पाकिटात आमच्या माहितीपुस्तिकेची प्रुफं आहेत, अठ्ठावीस पानं. इथल्या मोठ्या हॉस्पिटलशी आता नऊ लहान हॉस्पिटलं जोडली गेली आहेत. तिथल्या नर्सना आणि ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरांना ही पुस्तिका वाटायची आहे. चाळीस वर्षं छापखान्यात बसून तू लोकांच्या चुका काढल्यास, निवृत्त झाल्यावर घरातल्यांच्या काढतोस, आता बहिणीच्याही काढ.

मी नक्की काय करते असं तू मागे विचारलं होतंस. लहान हॉस्पिटलात पक्षाघाताचा रोगी आला की तिथली नर्स मला फोन लावते. मेंदूचा स्कॅन इथे पडद्यावर येतो, आमचे मोठे डॉक्टर तो बघतात, आणि गुठळी विरघळवायचं औषध चालणार असेल तर तिथल्या तिथे द्यायला सांगतात. मग रोगी इकडे आणायचा. पूर्वी आधी इकडे आणायचे आणि मग बघायचे, म्हणजे वरातीमागून घोडं. औषधाला मुदत साडेचार तासांची. त्यामुळे मोठे डॉक्टर रोग्याच्या आधी घड्याळाकडे बघतात. आम्ही त्यांना घड्याळकाका म्हणतो आणि त्यांना ते ठाऊक आहे. मी मधे बसून याचं त्याला आणि त्याचं याला सांगते. तू म्हणशील, उंटावरून शेळ्या हाकते. हाकते खरी, पण माझ्या शेळ्या वेळेत पोचतात.

एक गोष्ट तुला न विचारता केली आहे. सातव्या पानावर पहिलं उदाहरण म्हणून वहिनीची हकिगत घेतली. नाव नाही, फक्त 'एक गृहिणी, वय अठ्ठावन्न'. रात्री नऊला शेवटचं ठीक पाहिलं, सकाळी नऊला हॉस्पिटलात आणलं, मधे बारा तास. पक्षाघात झोपेत झाला, म्हणून औषध देता आलं नाही. घड्याळकाकांनी उदाहरण मागितलं तेव्हा मला दुसरं काही सुचलंच नाही. मी वॉर्ड सोडून या कामाला आले ती तिच्यामुळेच. त्या वेळी हे जाळं असतं तर कुणीतरी काहीतरी केलं असतं, असं मला अजून वाटतं. तुझ्याकडून मात्र काही राहिलं नव्हतं, दादा. झोपेत झालेल्या गोष्टीला कोण काय करणार?

माझं ठीक आहे. दिवसभर फोनवर इतकं बोलते की घरी आल्यावर कुणी बोलायला नसतं याचं आधी बरंच वाटतं. तासाभराने वाटेनासं होतं. तिसऱ्या मजल्यावरची खोली, खाली हॉस्पिटलची लाँड्री, खिडकीतून दिवसभर चादरी वाळताना दिसतात. एकटा जीव सदाशिव.

वहिनीला हे पत्र वाचून दाखव. तुझा लोभ आहेच, चुका काढताना तो थोडा जास्त असू दे.

तुझी,
ठकू

२० सप्टेंबर

चि. ठकूस,
अ. उ. आ.

पाकीट मिळालं. सहा पानं वाचून झाली. सहा पानांत 'त्वरित' हा शब्द एकोणीस वेळा आला आहे, वाचता वाचता मलाच धाप लागली. आठ ठेवलेत, बाकीचे काढले. घड्याळकाकांना सांग की घाई शब्दांनी होत नसते.

फोन का करत नाहीस, असं तू दर पत्रात विचारतेस आणि मी दर पत्रात विषय बदलतो. आज सांगतो. मी फोनवर बोलायला लागलो की तुझी वहिनी दाराशी येऊन उभी राहते. तिच्यासमोर घडाघडा बोलायची मला लाज वाटते. चौदा महिने झाले, तिच्याकडे एकच शब्द उरला आहे, 'बरं'. भूक लागली तरी बरं, नको असलं तरी बरं, रागावली तरी बरं. उभ्या जन्मात माझ्या कशालाही 'बरं' न म्हणणारी बाई! मंगळवारी भाषेच्या बाई येतात, चित्रांची पानं दाखवतात. कप, किल्ली, खुर्ची. तिला ओळखू येतं सगळं. किल्ली दाखवली की ती कुलपाकडे बघते. तोंडातून मात्र 'बरं'च येतं.

तुझ्या पुस्तिकेमुळे घरात थोडा आवाज झाला आहे. छापखान्यात आम्ही जोडीने बसायचो, एक मोठ्याने वाचणारा आणि एक खुणा करणारा. आता दोन्ही मीच. तिला टेबलापाशी समोर बसवतो आणि रोज तीनचार पानं मोठ्याने वाचतो. ती डावा हात टेबलावर ठेवून नीट ऐकते. काल वाचन संपलं तरी उठेना. मग मी पेपरातल्या जाहिरातीही वाचून दाखवल्या.

एक शंका आहे. ते साडेचार तास कुठून मोजायचे? माणूस पडल्यापासून, सापडल्यापासून, की शेवटचं बोलल्यापासून? तुमच्या मजकुरात ते कुठेच स्पष्ट नाही. नर्सचा गोंधळ व्हायचा. ते कळव, म्हणजे पुढचं वाचायला घेतो.

जेवत जा वेळेवर. आशीर्वाद आहेतच, ते मोजायला घड्याळ लागत नाही.

तुझा,
दादा

११ ऑक्टोबर

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या शंकेचं उत्तर मी लगेच पाठवलं होतं, त्यालाही आता पंधरा दिवस झाले. ते पत्र मिळालं का? नसेल तर पुन्हा लिहिते. तास मोजायचे ते माणूस शेवटचं ठीक असल्याचं कळलं तेव्हापासून. बोलायलाच हवं असं नाही. चालला, दार उघडलं, चहा केला, कशावरूनही. आमच्या छापील फॉर्मवर मात्र 'शेवटचे बोलणे कधी झाले' एवढंच आहे. ते बदलायचं राहून गेलं, तू बरोबर पकडलंस.

पण प्रुफं कुठे आहेत? छापखान्याचा माणूस रोज फोन करतो आणि मी रोज सांगते की माझे बंधू पानांच्या पोटात शिरून चुका शोधताहेत. तू कधी कुणाचं काम असं अडवून ठेवत नाहीस. वहिनीला काही झालं का? तुला काही झालं का? सातवं पान आवडलं नसेल तर तसं लिही, काढून टाकू. तू गप्प बसलास की मला लहानपणासारखी भीती वाटते. तेव्हा निदान तू भिंतीपलीकडे असायचास.

दोन ओळी तरी लिही. लोभ कमी केलास तरी चालेल, पण पत्र पाठव.

तुझी,
ठकू

२१ ऑक्टोबर

चि. ठकूस,
अ. उ. आ.

प्रुफं परत पाठवतो आहे. सत्तावीस पानं तपासली. सातव्या पानावर एकही खूण नाही, फक्त समासात एक ओळ आहे: 'मजकूर चुकीचा. माहिती पुन्हा घ्यावी.' लिहिणाऱ्याला विचारल्याशिवाय मजकूर बदलायचा नाही, हा माझा चाळीस वर्षांचा नियम. आणि चूक दिसली तर ती सोडायची नाही, हा दुसरा. इथे लिहिणारी तू आहेस, आणि माहिती मी दिली होती.

आता सगळं सांगतो. मधे थांबलो तर हे पत्र पुरं होणार नाही.

गेल्या वर्षी जुलैत वहिनीने तुला पत्र लिहायला घेतलं होतं. ते टेबलावर उघडं पडलं होतं आणि माझ्या हातात लाल पेन होतं. मी वाचलं आणि खुणा केल्या. मुद्दाम केल्या असंही म्हणता येणार नाही, हात चालला. एक अख्खं वाक्य खोडलं आणि बाजूला 'अनावश्यक' असं लिहिलं. रात्री नऊला तिने ते पाहिलं. म्हणाली, माझ्या नणंदेला मी काय लिहायचं तेही आता तुम्हीच ठरवा. मी म्हणालो, चूक ती चूक. झालं, अबोला सुरू. आमचे अबोले तुला माहीत आहेत. आपल्या घराण्यात ती विद्या बाबांपासून चालत आलेली आहे.

अबोल्यातही चहा व्हायचा, आणि त्याची आमची एक रीत होती. चहा झाला की ती चमच्याने भांड्याच्या झाकणावर एक टकोरा मारायची. मी उठायचो नाही. पहिल्याला उठणं म्हणजे हरणं. मग थोड्या वेळाने दुसरा, जरा जोरात. त्यावर मी पेपरची घडी घालून, उपकार केल्यासारखा जायचो. तीस वर्षं असंच चाललं होतं.

त्या सकाळी पहिला टकोरा आला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात सहा चाळीस झाले होते. मी दुसऱ्याची वाट पाहत बसलो. सात वाजले, साडेसात वाजले. मी खोडलेलं वाक्य काय होतं, ते आता तुला सांगायलाच हवं. तिने लिहिलं होतं की एक दिवस मी दुसरा टकोरा मारणारच नाही, बघू किती वेळ बसतात ते. मला वाटलं, ती तेच करते आहे. राग आला, आणि खोटं कशाला सांगू, थोडी गंमतही वाटली. म्हटलं, बघू कोण आधी हरतं. साडेआठला उठलो तो भूक लागली म्हणून, तिची काळजी वाटून नाही. ती ओट्याखाली पडली होती. चमचा अजून हातात होता.

खालच्या शिंप्याने गाडी काढली. हॉस्पिटलात तरुण डॉक्टर होता. त्याने विचारलं की शेवटचं बोलणं कधी झालं. मी म्हणालो, रात्री नऊला. ते खरंच होतं. मग तो म्हणाला की म्हणजे झोपेतच झालं असणार. टकोऱ्याचं सांगायचं तर मी जागा होतो, ऐकत होतो आणि उठलो नाही, हेही सांगावं लागलं असतं. शिंपी शेजारी उभा होता. मी मान हलवली. मला वाटलं होतं, वेळ विचारतात ती रजिस्टरात भरायला.

पुढे केव्हातरी मनात शंका आली होती. ती कुणाला विचारायचा धीर झाला नाही. तुला विचारलं ते प्रुफाच्या आडून, ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं. तुझं उत्तर आलं, त्यात 'चहा केला' हे शब्द होते.

तरी मी सातवं पान तसंच सोडून देणार होतो, ठकू. उत्तर आल्याच्या दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा वाचायला बसलो. वाटलं, भरभर वाचून पुढे जाऊ. 'पक्षाघात झोपेत झाला' इथपर्यंत आलो आणि तिने डावा हात त्या ओळीवर ठेवला. बरं, बरं, बरं, असं मोठमोठ्याने म्हणत राहिली. हात उचलीना. तिला ती सकाळ आठवते आहे. मी पान उलटं घातलं आणि आतल्या खोलीत निघून गेलो. त्या दिवसापासून वाचन बंद आहे. ती रोज त्या वेळी टेबलापाशी येऊन बसते आणि मी भाजी आणायला बाहेर पडतो.

पंधरा महिने तू माझी समजूत घालते आहेस की जाळं नव्हतं म्हणून असं झालं. जाळं नव्हतं हे खरं आहे. पण मी होतो.

या पत्राला आशीर्वाद कसे जोडावेत ते कळत नाही. तुला हवे असतील तर आहेत.

दादा

१७ नोव्हेंबर

दादास,
नमस्कार.

तुझं पत्र मिळून तीन आठवडे झाले. उत्तर लिहिलं नाही, कारण जे लिहिलं असतं ते पोस्टात टाकण्यासारखं नव्हतं. मी तुझ्यावर फार रागावले आहे. अजूनही.

त्या दिवसाची नोंद मी मागवून पाहिली. नऊ चाळीसला स्कॅन झाला होता. रक्तस्राव नव्हता. औषध तिथल्या कपाटात होतं. त्या डॉक्टरने आमच्या हॉस्पिटलला फोनही केला होता आणि इथून कुणीतरी विचारलं होतं की किती तास झाले. त्याने बारा सांगितले. सहा चाळीस सांगितले असते तर अकरा दहापर्यंत वेळ होता. दीड तास, दादा. एवढ्यात मी दोन रोग्यांची व्यवस्था लावते. औषध दिलेले सगळेच बोलायला लागतात असं नाही, ते मी रोज बघते. पण काही बोलायला लागतात. ती त्यातली असती की नसती हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

हे सगळं मनात घेऊन मी तुझ्याशी अबोला धरला. तीन दिवसांनी मला ताप भरला. अंगावर पांघरूण घेऊन पडले होते, उठून पाणी घ्यायचंही त्राण नव्हतं. साप्ताहिक सुटी आणि साठलेली रजा मिळून चार दिवस होते, त्यामुळे कामावरूनही कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पडल्या पडल्या मनाशी आमचा फॉर्म भरायला लागले. रोगी: स्त्री, वय चोपन्न. शेवटचं ठीक कुणी पाहिलं? कुणी नाही. शेवटचं कधी पाहिलं? लाँड्रीतल्या बाईने बहुतेक, चादरी उचलताना, गुरुवारी. तू आणि वहिनी सोडलीत तर मला विचारणारं कुणी नाही, आणि तुमचं पत्र यायला चार दिवस लागतात. म्हणजे माझं शेवटचं ठीक नेहमी चार दिवसांचं शिळं असतं. मला रडू आलं. मग हसूही आलं, की तुला शिक्षा म्हणून मी तेच करत होते जे तू केलं होतंस. आपल्या घराण्याची विद्या मलाही चांगलीच येते.

म्हणून लिहिते आहे. राग गेला म्हणून नाही.

दोन गोष्टी कर. पहिली, वहिनीचं ते पत्र माझ्या नावाचं होतं. ते पाठव. तुझ्या लाल खुणांसकट पाठव. दुसरी, तिला सांग. तू मला सांगितलंस, तिला सांगितलेलं नाहीस. तिने हात ठेवला ते उत्तर मागायला, आणि तू भाजी आणायला जातोस. पुस्तिकेचं सातवं पान मी छपाईतून थांबवलं आहे. दुरुस्त पान तू पाठवशील तेव्हाच जाईल.

काळजी घे. आज याहून जास्त लोभ लिहिता येत नाही.

ठकू

२४ नोव्हेंबर

चि. ठकूस,
अ. उ. आ.

ताप उतरला का ते आधी कळव. तुला कुणी पाणी दिलं नाही हे वाचल्यापासून मला घास जात नाही.

वहिनीचं पत्र सोबत आहे. छापखान्याच्या जुन्या डब्यात ठेवलं होतं. पुन्हा वाचलं नाही.

दुसरी गोष्ट अजून झालेली नाही. रोज ठरवतो. तिच्यासमोर बसतो, तोंड उघडतो, आणि भाजीत मीठ कमी पडलं का असं काहीतरी विचारतो. ती 'बरं' म्हणते. जिला उलट बोलता येत नाही तिच्यासमोर कबुली देणं मला लबाडीचं वाटतं. शिव्या द्यायच्या म्हटल्या तरी तिच्याकडे शब्द कुठे आहेत? आणि तू सांगितलं आहेस म्हणून करावं, तर तोही पळपुटेपणाच. तेव्हा थोडे दिवस दे.

दादा

(सोबतचं पत्र)

८ जुलै

प्रिय ठकूवन्सं,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं. वॉर्डातल्या आजीबाईंनी तुम्हाला आपल्या विधुर जावयासाठी स्थळ म्हणून पसंत केलं, हे वाचून मी एवढी हसले की हे आतून बघायला आले. सांगितलं नाही काय ते. थोडं आपल्यातही राहू दे.

इकडे सगळं जागच्या जागी आहे. तुमचे दादा निवृत्त झाले ते कागदोपत्री. किराण्याच्या यादीवरसुद्धा लाल पेन चालवतात. परवा आमचं वाजलं होतं, पडद्यांच्या रंगावरून. दीड दिवस अबोला. तुम्हाला तर माहीत आहे, पहिल्या टकोऱ्याला उठतील तर शपथ. दुसरा मीच मारायचा. एक दिवस मी दुसरा मारणारच नाही, बघू किती वेळ बसतात ते. पण माझ्याच्याने नाही व्हायचं तेवढं. चहा गार होतो आणि हे गार चहा काही न बोलता पिऊन टाकतात, ते मला बघवत नाही.

तुम्ही एकट्या राहता, रात्री कडी नीट लावता ना? दर वेळी विचारते, रागावू नका. तुमच्या बाजूने विचारणारं माणूस असावं म्हणून विचारते. सुटीत आलात तर पडद्यांचा निकाल तुम्हीच लावा.

लोभ इकडून भरपूर आहे, तिकडचा आळस सोडून पाठवा.

तुमची,
वहिनी

६ डिसेंबर

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. मी ते जिन्यातच उभ्याने वाचलं, आणि वर जाऊन पुन्हा वाचलं. सतरा महिन्यांनी मला वहिनीचा आवाज ऐकू आला. कडी नीट लावता ना, असं मला आता कोण विचारतं? त्या संध्याकाळी मी उठून कडी पुन्हा लावली.

दादा, तू खोडलेल्या वाक्याच्या पुढचं वाक्य वाचलंस का? वाचलंस हे मला दिसतं आहे, त्यात एका शब्दाखाली तुझी लाल रेघ आहे. पण कळलं का? तिने स्वच्छ लिहिलं होतं की तिला तेवढं जमायचं नाही. दुसरा टकोरा आला नाही, याचा तिच्याकडून एकच अर्थ होऊ शकत होता, आणि तो तुझ्या टेबलावर लिहून ठेवलेला होता. हे मी तुला टोचायला लिहीत नाही. मीही वर्षभर फोनवर लोकांच्या वेळा उतरवून घेते आहे, आणि एकाही नवऱ्याला विचारलं नाही की तुम्ही दोघं बोलत होतात का.

आता आम्ही विचारतो. तुझी गोष्ट मी घड्याळकाकांना सांगितली, कुणाची ते न सांगता. ऐकताना त्यांनी एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही. मग आम्ही फॉर्म बदलला. आता नर्स विचारते की शेवटचं पाहिलं कधी, बोलणं कधी झालं, आणि आवाज कधी ऐकला: नळ, पावलं, भांडी, खोकला, दार. घरात कुणी नसेल तर शेजाऱ्यांना विचारायचं. आणि एक ओळ माझी आहे: 'घरात अबोला असल्यास विचारण्यास संकोच करू नये, आणि कुणालाही दोष देऊ नये.' ही शेवटची चार पदं घालायला मला दोन दिवस लागले.

गेल्या बुधवारी आमच्या सर्वांत लांबच्या हॉस्पिटलातून फोन आला. एक म्हातारे मास्तर, एकटे राहणारे. भाडेकरू सांगत होता की काल संध्याकाळपासून भेटच नाही. जुन्या फॉर्मवर सोळा तास लिहून मोकळे झालो असतो. नर्सने विचारलं की आवाज काही ऐकला का. तो म्हणाला, मास्तर रोज सकाळी खुर्ची ओढून खिडकीपाशी बसतात, त्या आवाजाने माझी झोपमोड होते, आजही झाली, आठ वाजता. औषध सव्वादहाला सुरू झालं. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी नर्सला पहिलं वाक्य काय म्हटलं असेल? भाडेकरूला खोली सोडायला सांगा, चोंबडा आहे. आम्ही सगळे हसलो, आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडून आले.

हे जमलं ते तू सातवं पान सोडलं नाहीस म्हणून. याने वहिनीचं काही परत येत नाही, बैल गेला आणि झोपा केला म्हणतात त्यातलंच हे. पण गोठ्यात आणखी जनावरं होती, दादा.

राग बराचसा उतरला आहे. उरलेला वहिनीच्या वतीचा आहे, तो माफ करायचा अधिकार मला नाही. दुरुस्त पानाची वाट पाहते. लोभ पूर्वीइतका आहे असं समजायला हरकत नाही.

तुझी,
ठकू

१५ डिसेंबर

चि. ठकूस,
अ. उ. आ.

दुरुस्त सातवं पान सोबत आहे. ते तुला पाठवण्याआधी मी तिला वाचून दाखवलं.

तुझं पत्र आल्यावर मी तिच्या पत्रातलं ते वाक्य डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. खरंच सांगतो, मला ते आठवेना. रेघ मारल्याचं आठवलं. चाळीस वर्षं मी शब्द वाचले आणि माणसं काय म्हणतात ते वाचलंच नाही. माझ्यासमोर तीस वर्षं बसलेलं माणूसही मी तसंच वाचलं.

मग टेबलापाशी बसलो आणि पान नव्याने लिहून काढलं. लाल पेन घेतलं नाही. रविवारी दुपारी तिला हाक मारली, समोर बसवलं आणि वाचलं. 'सकाळी सहा चाळीसला गृहिणीने चहा करून पतीस बोलावले. पती जागा होता. त्याने ऐकले आणि तो उठला नाही. डॉक्टरांनी वेळ विचारली तेव्हा त्याने हे सांगितले नाही. औषध मिळाले असते.' घड्याळकाकांना हवं तर शेवटचं वाक्य सौम्य करा, मी मात्र तिला असंच वाचून दाखवलं. दोनदा थांबलो. ती एकदाही 'बरं' म्हणाली नाही. माझ्याकडे बघत राहिली. मग खुर्चीला धरून उठली आणि आत निघून गेली.

मी तिथेच बसलो. वाटलं, ती झोपायला गेली. जावं की जाऊ नये ते कळेना. या घरात इतका एकटा मी तिला हॉस्पिटलात ठेवलं होतं तेव्हाही नव्हतो. आतून बराच वेळ भांड्यांची आदळआपट ऐकू येत होती. एका डाव्या हाताने चहा करायचा म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा कानांनी ऐकलं. सतरा महिने चहा मीच करतो.

मग झाकणावर टकोरा झाला. एक.

दुसऱ्याची वाट न बघता मी उठलो. धावलोच म्हण. ती चमचा हातात धरून ओट्यापाशी उभी होती, ओट्यावर सगळीकडे साखर सांडली होती. मला बघून तिने चमचा खाली ठेवला, मला जवळ येऊ दिलं आणि मग माझ्या दंडावर एक चांगला सणसणीत फटका मारला. डाव्या हातात अजून बरीच ताकद आहे. मग म्हणाली, बरं. चहा फारच गोड झाला होता, दोघांनी सगळा प्यायला.

आता तुझं. एकट्याने तापात पडायचं, हे यापुढे चालायचं नाही. उद्यापासून रोज सकाळी सहा चाळीसला तुझा फोन वाजेल. पलीकडून कुणी बोलणार नाही. झाकणाचा टकोरा ऐकू येईल, तुझ्या वहिनीने मारलेला. मी तिला विचारलं, तिने तीनदा मान हलवली. तू कपावर चमचा वाजव, म्हणजे आम्हाला कळेल की तू त्या वेळेला ठीक होतीस. शिळं चार दिवसांचं नको, रोजचं ताजं हवं. आणि पहिल्याच टकोऱ्याला उत्तर देत जा. आपल्या घराण्यात दुसऱ्याची वाट पाहणं आता बंद.

आशीर्वाद दोघांचे, या वेळी खरोखर दोघांचे.

तुझा,
दादा

ता. क. पाकिटावरचा पत्ता तिने डाव्या हाताने लिहिला आहे, तुझं जुनं पाकीट समोर ठेवून, बघून बघून. अर्धी दुपार लागली. ओळी वर चढल्या आहेत, पोस्टमन वैतागेल. मी कुठेही हात लावलेला नाही.